मक्याच्या ताटातले वेड : पेलाग्राचा इतिहास

१/ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील मनोरुग्णालयांत एका विचित्र व्याधीचे रुग्ण वाढू लागले. हातांवर व मानेवर लालसर-काळे चट्टे, जुलाब, निद्रानाश, खिन्नता आणि पुढे भ्रम व स्मृतिनाश. या ‘वेडा’चे मूळ अखेर जेवणाच्या ताटात सापडले. त्या शोधाची ही कथा. #इतिहास #थ्रेड

२/ व्याधी जुनीच होती. १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने गरीब शेतकऱ्यांत ती पाहिली. १७७१ मध्ये इटलीच्या फ्रापोल्लीने तिच्यासाठी ‘पेलाग्रा’ हे नाव वापरले. अर्थ : खरखरीत त्वचा. दोन्हीकडच्या रुग्णांत एक साम्य होते, मुख्य अन्न मका.

३/ पण मका तर मेक्सिको व मध्य अमेरिकेतील लोक हजारो वर्षे खात होते. त्यांना हा आजार का जडला नाही? ते मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत. त्यामुळे दाण्यात बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होई. कोलंबसानंतर दाणा समुद्रापार गेला. शिजवण्याची रीत मात्र मागेच राहिली.

४/ अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचे राज्य होते. खंडकरी कुळे आणि गिरणी कामगार यांचे जेवण तीन जिनसांवर चाले : मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. १९०६ मध्ये अलाबामातील कृष्णवर्णीयांच्या मनोरुग्णालयात ८८ जणांना पेलाग्रा झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक दगावले.

५/ कारण काय? तो काळ जंतुशास्त्राच्या विजयाचा होता. त्यामुळे बहुतेक तज्ज्ञ अज्ञात जंतूचा माग काढू लागले. चार्ल्स डेव्हनपोर्टसारख्या वंशशुद्धीवाद्याने १९१६ मध्ये आनुवंशिकतेकडे बोट दाखवले. गरिबांचे रक्तच दुबळे, असे म्हटले की त्यांच्या मजुरीचा प्रश्न उरत नाही.

६/ १९१४ मध्ये सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे हे काम आले. मनोरुग्णालये व अनाथालये पाहताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. रुग्णांना पेलाग्रा होतो, त्यांच्याच सहवासात वावरणाऱ्या परिचारिकांना व नोकरांना होत नाही. जंतू असा भेदभाव कसा करील?

७/ त्यांनी मिसिसिपीतील दोन अनाथालयांत आणि जॉर्जियाच्या मनोरुग्णालयातील दोन विभागांत दूध, अंडी, मांस व शेंगावर्गीय धान्ये सुरू केली. बाकी काहीच बदलले नाही. पेलाग्रा जवळपास नाहीसा झाला. जुनेच अन्न चालू ठेवलेल्या रुग्णांत मात्र तो दुसऱ्या वर्षी परतला.

८/ पुढची कसोटी कठोर होती. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या रँकिन तुरुंगशेतीवर माफीच्या मोबदल्यात काही कैदी प्रयोगास राजी झाले. महिनोन्‌महिने मुख्यतः मका, मैदा, भात व काकवी. ११ पैकी ६ जणांत पेलाग्राची लक्षणे उमटली. धडधाकट माणसे केवळ अन्नाने आजारी पाडता येतात, हे सिद्ध झाले. तुरुंगातील संमतीला खरी संमती म्हणावे का, हा प्रश्न मागे उरला.

९/ तरीही जंतुवादी मानेनात. १९१६ मध्ये गोल्डबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त स्वतःस टोचून घेतले. त्यांच्या त्वचेचे पापुद्रे व मलमूत्र गोळ्यांत घालून गिळले. पत्नी मेरी यांनीही रुग्णाचे रक्त टोचून घेतले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

१०/ मग त्यांनी दक्षिण कॅरोलायनाच्या गिरणी-वसाहतींतील घरोघरचे उत्पन्न व अन्न नोंदवले. मिळकत जितकी कमी, तितका आजार अधिक. १९२१ मध्ये कापसाचे भाव कोसळले असता राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी पेलाग्राबद्दल चिंता व्यक्त केली. दक्षिणेतील पुढाऱ्यांना हा आपल्या प्रदेशाचा अपमान वाटला. उपासमारीपेक्षा तिची वाच्यता त्यांना अधिक बोचली.

११/ मांस व दूध गरिबांना परवडणारे नव्हते. ब्रुअर्स यीस्ट मात्र स्वस्त होते आणि गुणकारीही ठरले. १९२७ च्या मिसिसिपी महापुरात ते पूरग्रस्तांना वाटले गेले. गोल्डबर्गर १९२९ मध्ये निवर्तले. अन्नातील नेमका घटक त्यांना अखेरपर्यंत गवसला नाही.

१२/ तो १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी हुडकला : निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन. लवकरच ते रुग्णांना देण्यात आले. भ्रमात बडबडणारी, आप्तांनाही न ओळखणारी कित्येक माणसे काही दिवसांत भानावर आली. पेशींना अन्नातून ऊर्जा मिळवण्यासाठी नायसिन लागते, आणि मेंदू हा शरीरातील मोठा ऊर्जाभक्षक अवयव आहे.

१३/ या कथेचा एक धागा दख्खनपर्यंत येतो. हैदराबादमध्ये सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांतील पेलाग्राचा अभ्यास केला. १९६० मध्ये त्यांनी ज्वारीतील ल्यूसिन या घटकाकडे लक्ष वेधले. या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले. ज्वारी-भाकरीला डाळ, दूध, शेंगदाण्याची जोड असेल तर भीती नाही. धोका असतो तो कोरड्या भाकरीवर दिवस काढणाऱ्याला.

१४/ १९४० च्या दशकात अमेरिकेत पिठात नायसिन मिसळू लागले. आहारही सुधारला आणि पेलाग्रा ओसरला. तोवर सुमारे ३० लाख लोकांना तो जडला होता व सुमारे एक लाख दगावले होते, असा अंदाज आहे. यांतील अनेकांच्या नावापुढे ‘वेडा’ अशी नोंद झाली. त्या नोंदीशेजारी त्यांनी काय खाल्ले होते, हे मात्र फार उशिरा विचारले गेले.