पदवी, पत्र आणि पंडिता

गडमुडशिंगीहून कोल्हापूर शहर अवघ्या काही किलोमीटरांवर आहे. या परिसरात माणसाची ओळख त्याने काय मिळवले यावरून करून देण्याची रीत जुनी आहे. पैलवानाला त्याची गदा आणि किताब ओळख देतात, लग्नपत्रिकेत वधूवरांच्या नावापुढे पदव्या छापल्या जातात, आणि आम्हां ख्रिस्ती कुटुंबांच्या पत्रिकाही याला अपवाद नाहीत. यात वावगे काही आहे असे आमचे म्हणणे नाही. कष्टाने मिळवलेल्या गोष्टीचा अभिमान वाटणारच. परंतु पदवी हीच ओळख ठरली, तर जिला पदवी नाही ती कोण, हा प्रश्न उरतो. या प्रश्नाचा एक धागा एकोणिसाव्या शतकातील कोल्हापुरातच सापडतो.

१८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. शाळा काढल्या, उपदेश केला, आणि पुढे मायदेशी परतून १८७८ मध्ये प्रिन्स्टन येथून मिशनकार्याला वाहिलेले एक नियतकालिक त्यांनी सुरू केले. त्याच वर्षी कोल्हापुरात नोकरीस असलेले टपाल खात्यातील एक कारकून, गोपाळराव जोशी यांचे पत्र त्यांच्या हाती पडले. पत्नीला अमेरिकेत शिक्षण द्यावयाचे आहे, साहाय्य मिळेल काय, असा त्यातील आशय होता. वाइल्डर यांनी उत्तरात ख्रिस्ताचा स्वीकार करण्याचा सल्ला दिला आणि हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला.

त्या उत्तराचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. त्या काळच्या मिशनरी मनाला ते स्वाभाविकच वाटले असेल. तरीही विद्या मागणाऱ्याला श्रद्धेचा दाखला विचारला की श्रद्धा ही देणगी न राहता किंमत होते. आजही शाळेच्या किंवा नोकरीच्या आशेने चर्चमध्ये आलेला, असा टोमणा ऐकावा लागतो, तेव्हा त्याचे मूळ अशाच पत्रांत आहे हे आपण मान्य केले पाहिजे. गंमत अशी, की न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी १८८० मध्ये तो छापील पत्रव्यवहार वाचला आणि कोणतीही अट न घालता त्यांनी मदतीचा हात पुढे केला.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस निघाल्या. निघण्यापूर्वी सेरामपूर येथील सभेत त्यांनी सांगितले, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्यांनी तो शब्द पाळला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या सी.पी.आर.च्या, स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक केली. परंतु ती जागा त्यांना पाहावयास मिळाली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्या पदवीदान समारंभास मुद्दाम इंग्लंडहून आलेली एक स्त्री उपस्थित होती. ती म्हणजे पंडिता रमाबाई. आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी कथा हीच आहे.

रमाबाईंना ओळख मिळाली ती विद्वत्तेमुळे. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, आणि भावासोबत पायी हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या पोरक्या मुलीस एका सभेने नाव दिले! पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये पतीही गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या सहवासात मायलेकींचा स्नानसंस्कार झाला.

येथेही त्या स्वस्थ राहिल्या नाहीत. पुरोहितांच्या जोखडातून आताच सुटले आहे, दुसरे मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी वाँटेजच्या भगिनींना कळवले. कॅथलिक वाचकाला हे वाक्य बोचेल. बोचू द्यावे, संतांच्या चरित्रांतही अशी वाक्ये आढळतात.

मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन उघडले गेले तेव्हा रमाबाई जगप्रसिद्ध होत्या. अमेरिकेत त्यांचे ग्रंथ वाचले जात, त्यांच्या नावाने मंडळे स्थापन झाली होती. आणि नेमक्या याच काळात, १८९१ च्या सुमारास, त्यांना एक रितेपणा जाणवला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले आहे, की आठ वर्षांपूर्वी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण धर्माचा स्वामी ख्रिस्त सापडला नव्हता. विद्या, कीर्ती, स्नानसंस्कारसुद्धा, हे सारे त्यांनी आपल्या हातांनी मिळवले होते. आता त्यांनी हात रिकामे केले आणि क्षमा केवळ घेतली. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिताना आपले कुळ, शिक्षण आणि धर्मनिष्ठा यांची यादी देऊन ती सारी हानीच्या खात्यावर मांडली आहे. रमाबाईंच्या आयुष्यात तो हिशेब दुसऱ्यांदा झाला असे आम्हांस वाटते.

याचा परिणाम केडगावच्या मुक्तिसदनात दिसतो. १८९६–९७ च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तेथे आल्या. त्यांना शिकवले, हातांना उद्योग दिला. कामाचा कंटाळा तेथे नव्हता. परंतु कृपासदनात समाजाने टाकलेल्या स्त्रिया होत्या, प्रीतिसदनात वृद्ध आणि अपंग होत्या, आणि अंध मुलींनाही तेथे घर होते. त्यांतील कित्येकींच्या नावावर आयुष्यात काहीच मिळवल्याची नोंद होणार नव्हती. रमाबाईंनी त्यांना मोजताना ते विचारले नाही.

स्वतः ‘सरस्वती’ असलेली ही बाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर करीत बसली, ते खेड्यातील अल्पशिक्षित बायकांना समजावे म्हणून. संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी वेचून काढून टाकले. ज्या भाषेने त्यांना पदवी मिळवून दिली तीच त्यांनी बाजूला सारली. मुक्तिसदनाच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही, आणि भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच देह ठेवला.