नाट्यपदाला मान, मग चित्रपटसंगीताला का नाही?

चित्रपटासाठी लिहिलेलं संगीत मोठ्या वाद्यवृंदाने रंगमंचावर वाजवावं आणि श्रोत्यांनी ते तिकीट काढून, गप्प बसून ऐकावं, ही गोष्ट आपल्याकडच्या जाणकारांना रुचत नाही. हॉलिवूडची जुनी गाजलेली पार्श्वसंगीतं असोत की आपल्या ‘शोले’चं, त्यांचं म्हणणं ठरलेलं : हे संगीत दृश्याच्या चाकरीसाठी जन्मलं, दृश्य काढलं की ते लंगडं. त्याला जोडून दुसरं म्हणणं येतं, की साठ-सत्तर वादकांचा हा थाट नरिमन पॉइंटला शोभतो. तिथे २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तेवढं पुरे. जालना-अंबडच्या कानाला एका वेळी एकच सूर धरून जाणारं गाणं कळतं, एकावर एक रचलेल्या स्वरांचं त्याला काय? यातलं पहिलं म्हणणं विचारांती केलेलं आहे, दुसरं फार तर सवयीने.

पहिलं सर्वांत धारदारपणे मांडलं ते तत्त्वज्ञ अडोर्नो आणि संगीतकार आइसलर यांनी, १९४७ साली. वाग्नरने एकेका पात्राची सूचक धून तासन्‌तास चालणाऱ्या ऑपेरात फुलवली. चित्रपटाच्या तुकड्या-तुकड्यांत तिला तेवढी जागा मिळत नाही, म्हणून ती नायक आल्याची वर्दी देणारी चोपदार होऊन बसते, असा त्यांचा मुद्दा. आइसलर स्वतः चित्रपटांना संगीत देत असे, तेव्हा हे बाहेरच्या माणसाचं नाक मुरडणं नव्हे.

पण हाच युक्तिवाद मराठी माणूस उचलतो तेव्हा नवल वाटतं. १९११ साली ‘मानापमान’ रंगमंचावर आलं. गोविंदराव टेंबे यांनी त्याच्या चाली केल्या त्या भामिनीसारख्या ठरावीक पात्रासाठी, ठरावीक प्रसंगासाठी. चाकरी म्हणायची तर तीही चाकरीच. तरी गेली शंभर वर्षं ती पदं मैफलीत गायली जातात. अंबडला दत्त जयंतीच्या संगीत उत्सवाची जुनी परंपरा आहे. तिथे कुणी गायकाने नाट्यपद घेतलं तर ‘भामिनी कुठाय, पडदा कुठाय’ असं विचारायला कुणी उठत नाही.

यावर हुशार उत्तर असं मिळतं : नाट्यपद मुळात रागदारीतूनच आलं, ते मैफलीत गेलं म्हणजे माहेरी गेलं. कबूल. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या त्या ख्यालाच्या बंदिशींवर बेतून. मग तोच न्याय समुद्रापलीकडे लावू. ‘किंग काँग’ (१९३३) आणि ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) यांचा संगीतकार मॅक्स स्टायनर व्हिएन्नाचा, रिचर्ड श्ट्राउसने ज्याचं धर्मपितृत्व घेतलं असा. एरिक कॉर्नगोल्ड त्याच शहरात वाढलेला. ‘डी टोटे श्टाट’ हा त्याचा ऑपेरा १९२० साली गाजला, तेव्हा त्याचं वय तेवीस. १९३८ साली हिटलर व्हिएन्नात शिरला त्या सुमारास हा ‘रॉबिन हूड’च्या संगीतासाठी अमेरिकेत होता, आणि तिथेच राहिला. म्हणजे त्या काळी हॉलिवूडच्या स्टुडिओत जे वाजत होतं ते व्हिएन्नाच्या ऑपेराचंच लेकरू. सभागृह हे त्याचंही माहेर.

आणखी एक शंका काढतात, की असल्या मैफलीत लोक संगीत ऐकतच नाहीत, आठवलेला सिनेमा ऐकतात. ‘शोले’पुरती ती खोटी नाही. माउथ ऑर्गनची धून सुरू झाली की पायरीवर बसलेला जय आणि वरच्या सज्जात एकेक दिवा मालवणारी राधा डोळ्यांपुढे येणारच. पण कॉर्नगोल्डच्या व्हायोलिन कन्चेर्टोचं काय? चार चित्रपटांतल्या स्वतःच्या धुना घेऊन त्याने तो रचला, १९४७ साली हायफेट्झने पहिल्यांदा वाजवला, आणि आज जगभरचे व्हायोलिनवादक तो वाजवतात. ते चारही चित्रपट पाहिलेला श्रोता सभागृहात क्वचितच असेल. बालगंधर्वांची भामिनी तरी आज कुणी पाहिली आहे?

आणि दृश्य धनी, संगीत चाकर, हा क्रम तरी कुठे पक्का आहे? ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) या काउबॉयपटाच्या मुख्य धुना एनियो मॉरिकोनेने चित्रीकरणाआधीच करून दिल्या होत्या. दिग्दर्शक सर्जिओ लिओने त्या सेटवर वाजवायचा. नटांच्या हालचालींना लय मिळाली ती त्यातून.

विरोधकांचं एक मात्र मान्य केलं पाहिजे. बहुतेक पार्श्वसंगीत खरोखरच उभं राहत नाही. दार उघडलं की धडाम्, खलनायक वळला की झण्ण. हे सलग अर्धा तास कोण ऐकणार? हल्ली मागे चित्रपट चालू ठेवून पुढे वाद्यवृंद वाजवण्याची जी टूम निघाली आहे, तीही मला पटत नाही. संचालकाच्या कानात टिकटिक, समोर सेकंदांचा काटा. स्वर जरा लांबवावा म्हटलं तर पडद्यावरचा घोडा पुढे निघून गेलेला. चाकरी ती ही. मैफल करायची तर पडदा गुंडाळून ठेवावा.

आता दुसरं म्हणणं, कानाचं. जालन्यात एकोणिसाव्या शतकात मोठी लष्करी छावणी होती. पितळी वाद्यांचे बँड आपल्या वरातीत आले ते अशाच छावण्यांच्या वाटेने. वरातीतला बँड नीट ऐका : वर क्लॅरिनेट चाल धरतो, ट्रम्पेट मधूनच तिला वरच्या अंगाने छेद देतो, आणि खालून युफोनियमवाला जाड, निराळे स्वर टाकत पावलाला पाऊल लावून चालतो. स्वरावर स्वर तो हाच, आणि नवरदेवाच्या मामालाही त्यावर नाचता येतं.

जालना शहरातलं नाट्यगृह ज्यांच्या नावाचं आहे ते मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर भास्करबुवांचे शिष्य. त्यांनी मैफली गाजवल्या, नाटकांना चाली दिल्या, प्रभातच्या ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ला (१९४१) संगीत दिलं; वर ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजूच शकत नाही म्हणणाऱ्यांना ते बँडवर वाजवून दाखवलं. मैफल, नाटक, चित्रपट आणि बँड यांच्यात त्यांना कुंपण दिसलं नाही. ते आपण कुठून आणलं?

२०१६ चा ‘सैराट’ तर कालचा. त्याचं वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ६६ वादकांकडून करून घेतलं. व्हायोलिन-चेलोंचे ते थर गावोगावच्या ट्रॅक्टरवर वाजले. हे आपलं नव्हे, अशी तक्रार एकाही शेतावरून आली नाही.

या मैफली होत नाहीत याचं कारण मला कानात दिसत नाही, कागदात दिसतं. मुंबईच्या स्टुडिओंत सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोवेकर अरेंजर प्रत्येक वादकापुढे नोटेशनचा कागद ठेवत. याच मंडळींतले अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभरावर वादक बसवून रागांवर आधारलेलं स्वतःचं संगीत वाजवलं होतं. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. पण काम झालं की ते कागद सांभाळायची रीत नव्हती. अमेरिकेत एमजीएम स्टुडिओनेही आपलं नोटेशनचं भांडार १९६९ च्या सुमारास कचऱ्यात घातलं. जॉन विल्सन या इंग्रज संचालकाने मग चित्रपट पुन्हापुन्हा ऐकून एकेका वाद्याची ओळ नव्याने लिहून काढली, आणि २००९ साली लंडनच्या प्रॉम्स संगीत महोत्सवात ते संगीत जिवंत वाजलं. ‘शोले’ची नामावली चालू असताना वाजणाऱ्या संगीतासाठी हे काम अंगावर घेणारा कुणी निघाला, तर त्याला जालन्यात श्रोते शोधत हिंडावं लागणार नाही.