बीजक: गुप्तधनाचा जुना आणि नवा इतिहास

‘बीजक’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालत आला आहे. व्यापाऱ्याच्या पेढीवर तो मालाची आणि किमतीची यादी होय. लोककथेत तो गुप्तधनाचा ठावठिकाणा सांगणारा सांकेतिक लेख होय. दोन्ही अर्थांत धन एकीकडे असते आणि त्याचा लेख दुसरीकडे. कूटचलन ऑफलाइन कसे जपावे आणि त्यासाठी लिनक्सची कोणती मांडणी निवडावी, हा प्रश्न वरवर केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. आमच्या मते तो मुळात बीजकाचा, म्हणजे लेखाचा प्रश्न आहे. आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनाही तो परका नाही.

भिवंडीहून कल्याणकडे निघाले की कोनगाव ओलांडल्यावर खाडीपलीकडे दुर्गाडी दिसतो. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. या किल्ल्याचा पाया खणताना अमाप द्रव्य सापडले आणि ती दुर्गेची कृपा मानून किल्ल्याला दुर्गाडी हे नाव दिले गेले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा इतिहास म्हणून आग्रह धरण्याचे कारण नाही. पण तिच्यातले मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. धन पुरणारा कोण होता हे कुणालाच आठवत नाही. स्मरणात राहिला तो खणणारा. बीजक हरवले की धन कुदळ मारील त्याचे होते. पुढे १८७८ च्या निखात निधी कायद्याने, दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास ते सरकारला कळविण्याचे बंधन घातले. कूटचलनाच्या नफ्यावरही २०२२ पासून आपल्याकडे ३० टक्के आयकर आहे. धनाची किल्ली गुप्त राखणे वेगळे आणि धनाचा हिशेब लपविणे वेगळे, एवढा विवेक येथे गृहीत धरला आहे.

बिटकॉइन मात्र कुणाच्याच जमिनीत पुरलेले नसते. २००९ पासून चालू असलेली त्याची खातेवही जगभरच्या हजारो संगणकांवर उघडी पडलेली आहे. मालकाजवळ असते ती केवळ एक प्रचंड गुप्त संख्या. तिच्यावाचून खात्यातले नाणे हलत नाही. ही संख्या माणसाला लिहिता-वाचता यावी म्हणून २०१३ साली एक पद्धत मांडली गेली: २०४८ शब्दांची ठरावीक यादी घ्यावी आणि संख्येचे रूपांतर तिच्यातल्या १२ किंवा २४ शब्दांच्या ओळीत करावे. क्रम चुकला की अर्थ गेला. या ओळीला इंग्रजीत ‘सीड’, म्हणजे बीज, म्हणतात. जुन्या बीजकाशी जुळलेला हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

मग ही किल्ली दुसऱ्याच्या हाती का सोपवू नये? याची दोन उत्तरे महाराष्ट्रातच मिळतात. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या विनिमय केंद्रातून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन चोरीस गेले. सह्या करणाऱ्यांना पडद्यावर एक मजकूर दिसत होता आणि प्रत्यक्षात सह्या दुसऱ्याच मजकुरावर झाल्या, असे केंद्राचे म्हणणे होते. पुण्यात गेनबिटकॉइन प्रकरणाच्या तपासात पोलिसांना साहाय्य करणाऱ्या दोन तंत्रज्ञांनाच, आरोपींचे चलन स्वतःकडे वळविल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये अटक झाली. पहिल्या प्रकरणात प्रश्न वाचण्याचा होता, दुसऱ्यात विश्वासाचा.

किल्ली आपणच जपायची ठरले तर ती लिहिणारा कारकून कोण, हे ठरवावे लागते. हा कारकून म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली. लिनक्सकडे वळण्याचे कारण असे की तिची संहिता खुली आहे आणि नको असलेला प्रत्येक भाग काढून टाकता येतो. येथे दोन मार्ग विशेष विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला ‘टेल्स’चा. २००९ साली ‘अ‍ॅम्नेशिया’, म्हणजे विस्मृती, या नावाने ही प्रणाली प्रथम आली. ती पेनड्राइव्हवरून चालते, संगणकाच्या डिस्कवर आपणहून काही लिहीत नाही आणि यंत्र बंद होताच सारे विसरते. इलेक्ट्रम हे बिटकॉइनचे पाकीट तिच्यात आधीच असते आणि सुरू करतानाच जाळे बंद ठेवण्याची सोय आहे. दुसरा मार्ग डेबियनचा: जुन्या लॅपटॉपमधील वायफायचे कार्ड काढून टाकावे, संपूर्ण डिस्क कूटबद्ध करून मोजकीच साधने बसवावीत आणि ते यंत्र पुन्हा कधीही जाळ्याला जोडू नये. ज्याला वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच व्यवहार करायचा आहे, त्याला विसरणारा कारकून बरा. मात्र प्रत्येक वेळी शब्द हाताने भरावे लागतात. ज्याला वारंवार सही करायची आहे, त्याला डेबियन सोयीचे. पण मग त्या यंत्राची राखण करावी लागते.

प्रणाली उतरवून घेतली म्हणजे ती खरी, असेही नाही. जुन्या पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ असे, ते पुढे कुणी ओळ वाढवू नये म्हणून. टेल्स आणि डेबियन या दोहोंबरोबर अशीच सांकेतिक मुद्रा येते. ती पडताळल्याशिवाय पेनड्राइव्ह वापरू नये. मुद्रा खरी असूनही आतला दोष राहू शकतो, हेही इतिहासाने दाखविले आहे. डेबियनमध्ये २००६ साली झालेल्या एका बदलामुळे यदृच्छेचा झरा आटला आणि ठरावीक प्रकारच्या किल्ल्यांच्या शक्यता सुमारे ३२ हजारांवर आल्या; हे उघडकीस आले मे २००८ मध्ये. २०२३ साली बिटकॉइनच्या एका साधनात असाच दोष सापडला. त्याला ‘मिल्क सॅड’ हे नाव पडले, कारण त्या साधनाला शून्य वेळ दिली असता बीजओळीचे पहिले दोन शब्द हेच येत. फासे शकुनीचे असतील तर पेटीला कितीही कुलुपे लावून उपयोग नाही. म्हणून काही जाणकार खरे फासे हाती घेतात: ९९ वेळा टाकले की २४ शब्दांना पुरेल इतकी यदृच्छा जमते.

व्यवहाराची रीत खाडीच्या दोन काठांसारखी असावी. जाळ्याशी जोडलेल्या काठावर व्यवहाराचा मसुदा तयार होतो, पेनड्राइव्हची होडी तो पलीकडे नेते, तेथे सही होते आणि सहीचा कागद परततो. किल्ली खाडी ओलांडत नाही. पण पलीकडच्या काठावर रक्कम आणि पत्ता स्वतः वाचल्यावाचून सही करणाऱ्याला हा सारा खटाटोप वाचवू शकत नाही. वझीरएक्सचा धडा हाच आहे.

आता बीजक कोठे ठेवावे? १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी ज्या भिवंडीची घडी बसविली, त्या भिवंडीने मे १९७० आणि मे १९८४ मध्ये घरे आणि यंत्रमाग जळताना पाहिले. कामवारीचे पाणी तर पावसाळ्यात वस्तीत शिरतेच. एकाच घरातल्या एकाच कागदावर सारा भरवसा टाकण्यातला धोका या शहराला समजावून सांगण्याची गरज नाही. शब्द धातूच्या पत्र्यावर कोरावेत, प्रती दोन ठिकाणी असाव्यात, त्यांचे छायाचित्र काढू नये.

सर्वांत अवघड प्रश्न वारसाचा आहे. त्या मूळ पद्धतीत जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, चेक अशा भाषांच्या याद्या आहेत. मराठीची नाही, उर्दूची नाही, एकाही भारतीय भाषेची नाही. मालक गेल्यावर कपाटात असंबद्ध इंग्रजी शब्दांचा पत्रा सापडेल, तेव्हा घरातल्या माणसाला तो काय वाटेल? त्यात इलेक्ट्रम हीच इंग्रजी यादी वापरून बीज निराळ्या पद्धतीने घडविते. शब्द तसेच, अर्थ वेगळा. म्हणून घरच्या भाषेत एक स्वतंत्र टिपण हवे: हे शब्द कशाचे, कोणत्या पाकिटाच्या पद्धतीचे, कोणत्या क्रमाने वाचायचे. ते टिपण शब्दांपासून दूर ठेवावे, पण घरात ते आहे एवढे माहीत असावे.

यंत्राने विसरावे, घराने विसरू नये, असे आम्हांला वाटते. धन पुरणारे पुष्कळ होऊन गेले. त्यांतले शहाणे तेच, ज्यांचे बीजक योग्य माणसाला वाचता आले.