न पाहणाऱ्याची साक्ष

इतिहास शिकवताना मी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. देवगिरीच्या बुरुजावरील पहारेकरी ‘मला काही दिसले नाही’ म्हणाला, तर त्याची साक्ष लगेच फेटाळू नये. तो जागा होता आणि अमुक दिशेकडे पाहत होता एवढे ठरले, की शत्रू त्या बाजूने आला नाही हे आपोआप ठरते. ह्याचे मोठे नामी उदाहरण मला सापडले ते बखरीत नव्हे, आकाशात.

गॅमा किरणांचे स्फोट माणसाला कळले तेच मुळी पहाऱ्यामुळे. कोणी चोरून अणुचाचणी करतो की काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी एक लखलखाट नोंदवला. तो पृथ्वीवरचा नव्हता. जगाला ही वार्ता कळायला १९७३ साल उजाडले. पुढे ह्या स्फोटांची दोन कुळे दिसून आली : लांबणारे, आणि दोन सेकंदांच्या आत विझणारे. हे किरण वातावरणातून खाली पोचत नाहीत; तेव्हा पहारा अंतराळातूनच करावा लागतो.

आपला ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. त्यावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइड स्फटिकांचे उपकरण घडवण्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था पुढे होती. त्याची माहिती येते पुण्याच्या ‘आयुका’त. ६ ऑक्टोबरला ते सुरू झाले आणि त्याच दिवशी त्याने एक स्फोट टिपला! उपकरणाचे भाग चार. क्षणाक्षणाला किती किरण आदळले ते मोजायचे, नेहमीची वर्दळ वजा करायची, आणि एकाहून अधिक भागांत एकाच वेळी उंचवटा दिसला तरच विश्वास ठेवायचा. साक्षीदार पारखण्याची रीत इथेही तीच.

मग आला १७ ऑगस्ट २०१७. तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची गुरुत्वलहर ‘लायगो’ने टिपली, आणि १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ उपग्रहाला एक छोटा गॅमा स्फोट दिसला. आपला पहारेकरी जागाच होता. पण मध्ये पृथ्वी आडवी! वाचून मी हळहळलो. शास्त्रज्ञ मात्र हळहळत बसले नाहीत. स्फोट आपल्या आकाशात असता तर दिसलाच असता. ज्याअर्थी दिसला नाही, त्याअर्थी तो पृथ्वीआड होता. एवढ्यावरून त्यांनी ‘फर्मी’ने दाखवलेला आकाशाचा पट्टा आणखी आखूड केला. इटलीतील ‘व्हर्गो’लाही ती लहर जेमतेमच जाणवली होती, कारण ती त्याच्या आंधळ्या बाजूने आली होती, आणि त्यावरूनच जागा नेमकी झाली. सुमारे अकरा तासांनी चिलीतील दुर्बिणीला वासुकी नक्षत्रातील एका दीर्घिकेत तो प्रकाश सापडला. तो आपल्या साक्षीमुळे सापडला असे म्हणणे फुशारकीचे होईल. ‘लायगो’-‘व्हर्गो’चा नकाशा त्याला पुरेसा होता.

असो. पहारेकरी जितके दूरदूर उभे, तितकी दिशा नेमकी कळते. म्हणून ‘लायगो’चे एक यंत्र आमच्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायचे ठरले आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. त्याचे दोन बाहू काटकोनात असतील, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीचे.