बेडकाची विजार

बेळगावात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना माझ्या जर्नलमधल्या एका आकृतीवर सरांनी तांबड्या पेन्सिलीने फुली मारली होती. आकृती बेडकाच्या मूत्र-जनन संस्थेची होती. समोर मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी बसवलेला बेडूक, खोलीभर क्लोरोफॉर्मचा वास आणि तास संपायला दहा मिनिटे उरलेली. दोन्ही मूत्रपिंडांतून निघालेल्या नळ्या मी बिनदिक्कत मूत्राशयाला नेऊन जोडल्या होत्या. सर कानडी भाषक. शिकवायचे इंग्रजीत, रागवायचे मात्र मराठीत. म्हणाले, "अरे, हा कप्पे आहे की माणूस? डोळ्यांनी बघितलास ते काढ की. पाठ केलेलं कशाला काढतोस?"

मी चिमट्याने आतडे बाजूला सारून पुन्हा पाहिले. खरेच, त्या नळ्या मूत्राशयापर्यंत जातच नव्हत्या. बेडकाच्या मूत्रवाहिन्या अवस्करात उघडतात. अवस्कर म्हणजे विष्ठा, मूत्र आणि बीज या तिघांचे सामाईक दालन. त्यात मूत्रवाहिन्या पाठीकडून येतात आणि मूत्राशय पोटाच्या बाजूने जोडलेले असते. मूत्र आधी दालनात उतरते, मग मूत्राशयात साठते. शाळेत शिकलेली माणसाची आकृती डोक्यात इतकी पक्की बसली होती, की समोरचा बेडूक मला दिसलाच नव्हता.

पुढे मीच प्राणिशास्त्र शिकवू लागलो. या अवयवांचा इतिहास वाचताना लक्षात आले, की असे चुकणारा मी एकटा नव्हे. या रांगेत फार मोठी माणसे उभी आहेत.

हॉलंडच्या यान स्वामरडॅमने (१६३७-१६८०) सतराव्या शतकातच पाहून ठेवले होते, की बेडकाची अंडी मादीच्या शरीराबाहेर पडल्यावर नर त्यांच्यावर वीर्य सोडतो. त्याचा ग्रंथ मात्र तो गेल्यानंतर, १७३७-३८ साली छापून निघाला. तरी वीर्याचे काम नेमके काय, हा वाद उरलाच. वीर्याची नुसती वाफ अंड्याला पुरते, असे मानणारेही विद्वान होते.

याचा निकाल लावला तो इटलीतील पाव्हिया येथील प्राध्यापक लाझारो स्पालान्झानी याने, आणि तोही शिंप्याच्या कलेने! नर बेडकांना त्याने तलम तॅफेटा कापडाच्या घट्ट विजारी शिवून घातल्या. कल्पना मूळची फ्रान्सच्या रेओम्यूरची, पण तिला यश आले स्पालान्झानीच्या हाती. विजार घातलेल्या नरांनी नेहमीप्रमाणे माद्यांना मिठी मारली, माद्यांनी अंडी घातली, पण ती सगळी वाया गेली. मग विजारीत सापडलेले थेंब त्याने दुसऱ्या अंड्यांना लावले, आणि त्या अंड्यांतून बेडूकमाशा वळवळू लागल्या. हे प्रयोग १७८० साली प्रसिद्ध झाले.

तो एवढ्यावर थांबला नाही. बेडकाचे वीर्य त्याने टिपकागदातून गाळले. जसजसे गाळावे तसतशी खाली उतरलेल्या द्रवाची शक्ती कमी होई, आणि कागदावर राहिलेला भाग पाण्यात धुऊन घेतला तर त्याने अंडी फळत. आज शाळकरी मूलही सांगेल, की कागदावर शुक्रजंतू अडकले होते. स्पालान्झानीने मात्र तसे म्हटले नाही. संपूर्ण जीव अंड्यातच घडी घालून ठेवलेला असतो, ही त्याची दृढ समजूत होती. सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यात वळवळणारे जंतू त्याच्या लेखी बांडगुळे होते. त्याने श्रेय दिले द्रवाला. उत्तर त्याच्या हातातल्या कागदावर होते. ते वाचायला १८२४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रेव्हो आणि द्यूमा यांनी हाच गाळण्याचा प्रयोग पुन्हा केला आणि शुक्रजंतूंना त्यांचा मान दिला.

मग ते शुक्रजंतू बाहेर येतात कोणत्या वाटेने? दोर्पात (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथील फ्रिडरिख बिडर याने १८४६ साली उभयचर नरांच्या या अवयवांवर ग्रंथ लिहिला. आमच्या आकृतीतली 'बिडरची नलिका' त्याचीच. नराच्या पिवळसर वृषणातून बारीक नलिका निघतात आणि थेट मूत्रपिंडात शिरतात. शुक्रजंतू मूत्रपिंडातून वाट काढत मूत्रवाहिनीत येतात आणि तिथून अवस्करात. एकाच नळीतून मूत्रही जाते आणि पुढची पिढीही. मादीचे तसे नाही. तिची वेटोळी अंडवाहिनी निराळी आणि मूत्रवाहिनी निराळी.

या सामाईक वाटेचा उपयोग माणसाला शंभर वर्षांनी झाला. अर्जेंटिनाचे डॉक्टर कार्लोस गाल्ली मायनिनी यांनी १९४७ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. बेडकाचाच भाऊबंद असलेल्या टोडच्या नराला स्त्रीचे मूत्र टोचायचे. ती गरोदर असेल, तर काही तासांत त्या नराच्या मूत्रात शुक्रजंतू दिसू लागत. त्याआधीच्या चाचण्यांत उंदीर किंवा ससे मारून त्यांचे अंडाशय पाहावे लागत. इथे प्राणी जिवंत राहत असे.

आमच्या ट्रेमधले बेडूक मात्र जिवंत राहिले नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांच्या हातून किती गेले, याचा हिशेब मी ठेवला नाही, याची आता खंत वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना काढल्या, त्या योग्यच होत्या. पण संगणकावरच्या बेडकाची एक अडचण आहे. त्यात करणाऱ्याला ठाऊक असते तेवढेच असते.

म्हणून शिकवत होतो तोवर दरवर्षी पहिल्या तासाला मी माझे जुने जर्नल वर्गात नेत असे. ती चुकीची आकृती मी कधी खोडली नाही. बरोबर आकृती पुढच्या पानावर आहे. मुलांना आधी फुलीचे पान दाखवायचे आणि मगच पुढचे.