अनारसा : कोरडवाहू मुलखांतील तांदळाचें पक्वान्न

दिवाळी आली कीं महाराष्ट्रांत घरोघर अनारशांचा घाट घातला जातो. परंतु जेथें भात पिकत नाहीं, तेथेंहि या तांदळाच्या पक्वान्नास एवढा मान कां मिळावा? याचें उत्तर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या भूमींतच सांपडतें.

या एकाच जिल्ह्यांत पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशींत, अकोलें तालुक्यांतील भातखाचरें पावसानें तुडुंब भरतात. तर पूर्वेकडील नगर तालुक्यांतील हिवरे बाजार पर्जन्यछायेंत पडतें. तेथील रोजचें अन्न बाजरी-ज्वारीचें. तांदूळ हें पाहुण्याचें व सणाचें धान्य. गूळ उसाचा, म्हणजे तोहि पाण्याचाच. जें घरच्या शेतांत होत नाहीं, तेंच सणाच्या ताटांत मानाचें ठरलें.

फिलिपाइन्स बेटांत 'सुमान' नांवाचा असाच एक खाद्यपदार्थ आहे. तेथील तांदूळ जात्याच चिकट; तो नारळाच्या दुधांत शिजवून, पानांत गुंडाळून उकडतात. आपला तांदूळ मोकळा. त्यास बांधून ठेवावयाचें काम गूळ करतो. जुना तांदूळ तीन दिवस भिजत घालून त्याचें पाणी रोज बदलतात. चौथ्या दिवशीं तो निथळून सावलींत कापडावर पसरतात व दमट असतांनाच कुटून चाळतात. त्या पिठांत किसलेला गूळ व थोडें तूप मळून गोळे कांहीं दिवस डब्यांत ठेवतात. नंतर खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आंचेवर न उलटतां तुपांत तळतात. गूळ अधिक झाला तर अनारसा 'हसतो', म्हणजे तुपांत विरघळून पसरतो. सारी कसोटी प्रमाणाची. अधिक महिन्यांत जांवयास तेहतीस जाळीदार अनारसे देण्याची चाल आहे.

हेंच प्रमाण पुढें हिवरे बाजारास पाण्याच्या बाबतींत शिकावें लागलें. १९७२ च्या दुष्काळानें हा सारा मुलूख होरपळला. पुष्कळांनीं गांव सोडलें. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढें आदर्श गांव योजनेखालीं डोंगरउतारावर चर खणले गेले, बांध घातले गेले, झाडें लागलीं. विहिरींना पाणी आलें. तेव्हां खरी परीक्षा झाली. कारण पाणी येतांच ऊस लावण्याचा मोह कोणासहि होईल. गांवानें मात्र ऊस-केळीसारखीं तहानलेलीं पिकें टाळावयाचीं, शेतीसाठीं विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहींत आणि दरवर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, असें ठरविलें. २०२० सालीं पवारांस पद्मश्री जाहीर झाली.

गूळ-तांदूळ बाजारांतून आणावे लागले तरी सण साजरा होतो. पण भूगर्भांतील पाणी कोणत्याहि बाजारीं मिळत नाहीं. अनारसा वर्षांतून एकदां गोड लागतो, तो दुर्मिळ म्हणूनच. पाणीहि तसेंच मोजून वापरावें, एवढें शहाणपण त्या गांवानें दुष्काळाच्या मोलानें मिळविलें आहे.