ज्ञानदात्यांचे रक्षण

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांना महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध करण्यासाठी भागभांडवल जमवावे लागले. १ मे २००३ रोजी आरंभ झालेला मराठी विकिपीडिया मात्र स्वयंसेवकांच्या विनावेतन श्रमांवर उभा आहे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या नातवंडांनाही तो घरबसल्या, विनामूल्य वाचता येतो. परंतु असे ज्ञानदान सर्वत्र निर्धोक नसते. सीरियात मुक्त ज्ञानासाठी झटणारे, विकिपीडियावर लिहिणारे बासेल खर्ताबिल यांना १५ मार्च २०१२ रोजी दमास्कस येथे अटक झाली. २०१५ मध्ये त्यांना देहदंड देण्यात आला. ही वार्ता जगास २०१७ मध्ये कळली. म्हणूनच कित्येक लेखक टोपणनावाची ढाल घेतात. ती हिरावून घेतली, तर लेखणी थांबेल आणि कोशाची पाने कोरी राहतील. ज्ञान जपावयाचे, तर प्रथम ज्ञानदात्यास जपले पाहिजे.